डिस्क प्लेट बदलताना : मेस्त्री आणि अभियंता यांचा एक वाद

डिस्क ब्रेक म्हणजे चाकाबरोबर फिरणारी पोलादी चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा जबडा यांची जोडी होय. गॅरेजच्या भाषेत या चकतीला ‘डिस्क प्लेट’ किंवा नुसते ‘प्लेट’ म्हणतात, जबड्याला कॅलिपर म्हणतात, आणि जबड्यात बसून चकतीवर प्रत्यक्ष घासणाऱ्या तुकड्यांना पॅड. हँडलवरचा लिव्हर दाबला की मास्टर सिलिंडरमधल्या ब्रेक ऑइलवर दाब येतो, तो दाब नळीतून कॅलिपरपर्यंत पोचतो, कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकून पॅडना चकतीवर दाबतो, आणि गाडीच्या गतीत साठलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने त्या चकतीत उतरते. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ साली या कल्पनेचे पेटंट घेतले होते, तरी मोटरसायकलच्या सामान्य ग्राहकापर्यंत ती पोचायला १९६९ साल उजाडावे लागले, कारण त्या वर्षी होंडाने सीबी ७५० ही गाडी पुढच्या चाकाला हायड्रॉलिक डिस्क लावून मोठ्या संख्येने विकायला काढली. भारतात १९९९ची हीरो होंडा सीबीझी आणि २००१ची बजाज पल्सर या गाड्यांनी डिस्कला मध्यमवर्गाच्या अंगणात आणले, आणि १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे चाक अडकून घसरू न देणारी यंत्रणा, सक्तीची झाल्यावर डिस्क ही चैन उरली नाही. झिजणाऱ्या वस्तूला बाजार लवकर फुटतो. पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत एकाच गाडीसाठी चार किमतींच्या चार प्लेटा काउंटरवर मांडल्या जातात, आणि त्यांतली कोणती उचलावी याबद्दल दोन स्पष्ट पंथ पडलेले दिसतात.

पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष मांडून वाद चालवण्याची जुनी रीत येथे सोयीची ठरते. पुढील दोन्ही पात्रे कल्पित आहेत. पहिले एक मेस्त्री, ज्यांचे आयुष्य दुचाकीच्या गॅरेजमध्ये गेले आहे आणि ज्यांचा कल कारखान्याने दिले तेच परत बसवावे याकडे आहे. दुसरा एक यांत्रिकी अभियंता, जो आठवडाभर शहरात आणि सुटीच्या दिवशी घाटात गाडी चालवतो आणि ज्याला कारखान्याची निवड ही खर्चाशी केलेली तडजोड वाटते. वादाचा विषय झालेली गाडी दोनशे सीसीच्या आतली आहे. तिच्या पुढच्या चाकाला २८० मिमी व्यासाची एकच डिस्क, सरकता कॅलिपर आणि एबीएस आहे. तक्रार एवढीच, की ब्रेक हळू दाबला असता लिव्हर बोटांना धक्के देतो.

अभियंता : मेस्त्री, लिव्हर धक्के देतो याचा अर्थ प्लेट वाकली आहे. ती बदलायचीच असेल, तर तीच साधी एकसंध प्लेट पुन्हा आणण्याऐवजी फ्लोटिंग प्रकारची आणि जमल्यास वीस मिलीमीटरने मोठी प्लेट बसवणे अधिक शहाणपणाचे ठरणार नाही का?

मेस्त्री : साहेब, निदानाआधीच औषध ठरवून टाकलेत. लिव्हर धडधडण्याची कारणे पाच आहेत आणि त्यांतले एकच कारण प्लेट वाकण्याचे आहे. चाकाचे बेअरिंग सैल असू शकते, हँडलचा कोनसेट ढिला असू शकतो, हबवर जिथे प्लेट टेकते तिथे गंज किंवा रंगाचा थर असू शकतो, पॅडचा पदार्थ प्लेटवर ठिकठिकाणी चिकटून बसलेला असू शकतो. प्लेट वाकली की नाही हे डोळ्यांनी पाहून कळत नाही. त्याला डायल गेज लागतो.

डायल गेज म्हणजे घड्याळासारखी तबकडी असलेले मोजमापाचे उपकरण. त्याची सुई प्लेटच्या पृष्ठभागाला टेकवून चाक हाताने एक फेरा फिरवले, की पृष्ठभाग किती आत-बाहेर होतो ते मिलीमीटरच्या शतांशात दिसते. या आत-बाहेर होण्याला रनआउट म्हणतात, आणि गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्याची मर्यादा बहुधा ०.१ ते ०.३ मिमी यांच्या दरम्यान कुठेतरी दिलेली असते. येथे एक बारकावा आहे, जो दोन्ही पंथांकडून सारखाच दुर्लक्षित राहतो. सरकत्या कॅलिपरच्या गाडीत नुसत्या रनआउटने लिव्हर फारसा धडधडत नाही, कारण प्लेट जशी डोलते तसा कॅलिपरही तिच्याबरोबर डोलू शकतो. धक्का बसतो तो प्लेटची जाडी एका फेऱ्यात कमी-जास्त होते तेव्हा, कारण जाड भाग पॅडना ढकलतो, पॅड पिस्टनला, आणि पिस्टन ऑइलमार्फत थेट बोटांना. रनआउट हे या विषम जाडीचे कारण असते: ब्रेक सोडलेला असतानाही प्लेटचा बाहेर आलेला भाग प्रत्येक फेऱ्यात पॅडला ओझरता घासतो आणि काही हजार किलोमीटरनंतर नेमका तिथेच पातळ होतो. मिलीमीटरच्या चार-पाच शतांशांचा फरक बोटांना कळायला पुरेसा ठरतो.

मेस्त्री : म्हणून प्लेट आठ जागी मोजली पाहिजे, आणि तीही मायक्रोमीटरने. व्हर्निअर लावून मोजणारे फसतात, कारण पॅड जिथवर पोचत नाही तिथे प्लेटची कड न झिजता उंच राहते, व्हर्निअरचे सपाट जबडे त्या कडेवर टेकतात आणि झिजलेली प्लेट नव्यासारखी जाड दाखवतात. या गाडीची प्लेट नवी असताना ४ मिमी होती, तिच्यावर किमान जाडी ३.५ कोरलेली आहे, आणि आठ जागी ती ३.५७ पासून ३.६२ पर्यंत भरते. जाडीच्या हिशेबाने प्लेट अजून जिवंत आहे. फरकाच्या हिशेबाने संपली आहे.

अभियंता : मग लेथवर फेस मारून ती सारखी करता येईल. मोटारगाड्यांच्या प्लेटा तशा करतात.

मेस्त्री : मोटारगाडीची प्लेट बिडाची आणि जाड असते. येथे सगळी पुंजी अर्ध्या मिलीमीटरची. दोन्ही बाजूंनी हात फिरवला की ३.५च्या खाली गेलीच समजा, आणि पातळ पोलादी प्लेट लेथच्या जबड्यात धरली की हत्याराच्या दाबाने ती वाकते, म्हणजे सरळ करायला नेलेली वाकडी होऊन परत येते. काही गॅरेजांत हे काम करतात. या गॅरेजात करीत नाहीत.

किमान जाडीचा आकडा केवळ ताकदीसाठी असतो असा समज आहे, आणि तो अपुरा आहे. प्लेट ही उष्णतेची टाकी आहे. ४ मिमीची प्लेट ३.५ मिमीवर आली की घासल्या जाणाऱ्या पट्ट्याचे वस्तुमान आठव्या हिश्शाने घटते, आणि तेवढीच उष्णता घेताना तिचे तापमान त्या मानाने अधिक चढते. शिवाय पातळ प्लेट आणि झिजलेले पॅड एकत्र आले की पिस्टनला नेमलेल्या मर्यादेपलीकडे बाहेर यावे लागते. अभियंत्याचा खरा युक्तिवाद याच उष्णतेवर उभा आहे, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही.

अभियंता : गाडी आणि चालक मिळून २३० किलो धरले आणि वेग ताशी ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर मानला, तर थांबताना सुमारे ५७ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ब्रेक लावताना भार पुढे झुकतो म्हणून तिचा सत्तर टक्के वाटा पुढच्या प्लेटकडे जातो असे समजले आणि प्लेटचे वस्तुमान एक किलो धरले, तर एका थांबण्यात तिचे तापमान ८० ते ९० अंश सेल्सिअसने चढेल. शहरात मधल्या वेळात वारा ते उतरवतो. घाटात मात्र गणित बदलते: २३० किलो वजन एक हजार मीटर खाली उतरवणे म्हणजे २२ लाख ज्यूलांहून अधिक ऊर्जा, म्हणजेच ताशी ८० वरून जवळजवळ चाळीस वेळा पूर्ण थांबण्याइतकी. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणारा माणूस हजार मीटरांपेक्षा जास्तच उतरतो. कारखान्याने ही प्लेट कोणासाठी बेतली, ऑफिसला जाणाऱ्यासाठी की घाट उतरणाऱ्यासाठी?

मेस्त्री : आकड्यांशी भांडण नाही, पण त्यांतली सगळी ऊर्जा ब्रेकने खावी असे कोणी सांगितले? खालच्या गिअरमध्ये गाडी ठेवली की मोठा वाटा इंजिन खाते, थोडा वारा खातो. क्लच दाबून आणि ब्रेकवर पाय-हात ठेवून घाट उतरणाऱ्याला कोणतीही प्लेट पुरणार नाही. आणि घाटात ब्रेक गेला म्हणून जे येतात, त्यांना एक प्रश्न विचारावा लागतो: लिव्हर मऊ पडला होता की कडक राहून गाडी थांबत नव्हती? मऊ पडला असेल तर दोष प्लेटचा नाही, ऑइलचा आहे.

ही कसोटी जेवढी साधी तेवढी मोलाची आहे. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उकळण्याचा बिंदू खाली येतो. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पण प्रमाणित मात्रेत पाणी शिरलेल्या त्याच ऑइलसाठी मानक किमान १५५ अंशांवर समाधान मानते. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि लिव्हर हँडलला टेकला तरी कॅलिपरमध्ये दाब पोचत नाही. याउलट लिव्हर कडक असून गाडी थांबत नसेल तर पॅडच्या पदार्थाने त्याच्या मर्यादेपलीकडच्या तापमानाला घर्षण गमावलेले असते. पहिल्या दोषावर उपाय दर दोन वर्षांनी, आणि कोकणातल्या दमट हवेत त्याहून लवकर, ऑइल बदलणे हा आहे. दुसऱ्यावर उपाय चांगल्या प्रतीचे पॅड. दोन्ही उपाय नव्या प्लेटपेक्षा स्वस्त आहेत, आणि कदाचित म्हणूनच त्यांची जाहिरात कमी होते.

अभियंता : तरीही तापलेली प्लेट प्रसरण पावते हे खरेच. २८० मिमी व्यासाची पोलादी प्लेट तीनशे अंशांनी तापली तर तिचा व्यास जवळजवळ एक मिलीमीटरने वाढू पाहतो, पण मधला भाग थंड हबला बोल्टांनी जखडलेला असतो. बाहेरचा पट्टा वाढतो, आतला वाढत नाही, आणि प्लेट बशीसारखी खोलगट होते. फ्लोटिंग प्लेटमध्ये घासला जाणारा बाहेरचा पट्टा वेगळा आणि हबला बसणारा आतला ॲल्युमिनिअमचा भाग वेगळा असतो. दोघांना बॉबिन, म्हणजे लहान गोल बटणे, जोडतात, आणि त्यांत ठेवलेल्या किंचित फटीमुळे पट्टा मोकळेपणाने फुगू शकतो. हे तत्त्व शर्यतीच्या गाड्यांत सिद्ध झालेले आहे.

मेस्त्री : शर्यतीच्या गाडीचा कॅलिपर पाहिलात का, साहेब?

वादाचा कणा या एका प्रश्नात आहे, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. कॅलिपर दोन जातींचे असतात. एका जातीत पिस्टन प्लेटच्या एकाच बाजूला असतो आणि सगळा जबडा दोन पिनांवर आडवा सरकून दुसऱ्या बाजूचा पॅड ओढून घेतो. याला सरकता कॅलिपर म्हणतात आणि भारतातल्या बहुसंख्य दीडशे-दोनशे सीसीच्या गाड्यांना हाच असतो. दुसऱ्या जातीत समोरासमोर पिस्टन असतात आणि जबडा फोर्कला पक्का जखडलेला असतो. जखडलेल्या जबड्यात प्लेट मध्यभागी आली नाही तर एक पॅड आधी टेकतो आणि दुसरा उशिरा, म्हणून तिथे प्लेटनेच आडवे सरकून जुळवून घ्यावे लागते आणि फ्लोटिंग प्लेट आपले मोल दाखवते. सरकत्या जबड्यात जुळवून घेण्याचे काम जबडाच करतो. दोघांपैकी एकाने सरकावे, एवढीच यंत्राची अपेक्षा असते. दोघेही सरकू लागले तर आडव्या जुळवणीच्या बाबतीत नवे काही मिळत नाही, खडखड तेवढी वाढते. उरतो तो फक्त प्रसरणाचा लाभ, आणि तोही साध्या प्लेटच्या आतल्या बाजूला वळणदार, लवचिक बाहू ठेवून कारखान्याने बऱ्याच अंशी आधीच साधलेला असतो. प्लेट आतून भरीव न ठेवता फुलाच्या देठांसारख्या हातांवर का तोललेली असते, याचे उत्तर सौंदर्यात शोधणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मेस्त्री : आणि बॉबिनमध्ये कोकणातला लाल चिखल शिरला की फ्लोटिंग प्लेट फ्लोटिंग राहत नाही; ती अडकलेली साधी प्लेट होते, फक्त तिप्पट किमतीची. त्यातही बाजारात अशा प्लेटा आहेत ज्यांची बटणे ठोकून बसवलेली असतात आणि हलतच नाहीत. हाताने पट्टा धरून हलवून पाहावे. कणभरही हालचाल नसेल तर ती बटणे शोभेची आहेत.

अभियंता : एवढे मान्य केले तरी धातूच्या निवडीचा प्रश्न उरतो. काउंटरवरच्या चार प्लेटा दिसायला सारख्या, किमती मात्र एकास पाच. फरक कुठे आहे?

मेस्त्री : खरी प्लेट स्टीलची असते. चुंबक लावून पाहायचा.

अभियंता : मेस्त्री, येथे तुमची कसोटी अपुरी पडते. मोटरसायकलच्या प्लेटसाठी वापरतात ते मार्टेन्सिटिक जातीचे स्टेनलेस स्टील, म्हणजे बारा-तेरा टक्क्यांच्या आसपास क्रोमिअम असलेले आणि तापवून, झटकन थंड करून कडक करता येणारे पोलाद. त्याला चुंबक चिकटतो. स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या स्टीलला चिकटत नाही किंवा जेमतेम चिकटतो, म्हणून त्या स्टीलची प्लेट चुंबकाने पकडता येईल. पण साध्या मऊ लोखंडी पत्र्यालाही चुंबक चिकटतोच. चुंबक नापास करू शकतो, पास करू शकत नाही. खरा फरक उष्णता-प्रक्रियेत आहे: प्लेट कडक केल्यावर तिला दाबाखाली सपाट धरून पुन्हा तापवावे लागते, म्हणजे कापताना आणि कडक करताना धातूत साठलेले ताण निघून जातात. ही पायरी गाळलेली प्लेट डब्यातून निघताना सरळ असते आणि पहिल्याच घाटात वाकडी होते.

मेस्त्रींकडे यावर उत्तर नाही, आणि प्रामाणिकपणे पाहता सामान्य ग्राहकाकडेही नाही, कारण उष्णता-प्रक्रिया दुकानात बसून तपासता येत नाही. म्हणून येथे धातूवर नव्हे, बनवणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला यात एक सोय आहे: वाळूजला मुख्यालय असलेली एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज दुचाकींच्या ब्रेक यंत्रणा आणि प्लेटा बनवते, तर ब्रेम्बो या इटालियन कंपनीचा मध्यम आकाराच्या दुचाकींसाठीचा बायब्रे हा ब्रँड पुण्याजवळच्या कारखान्याशी जोडलेला आहे. गाडीच्या कंपनीला माल पुरवणारे असे उत्पादक पुष्कळदा तोच किंवा त्याच तोडीचा भाग स्वतःच्या नावाच्या डब्यात सुट्या बाजारातही विकतात. गाडीच्या कंपनीचा डबा आणि पुरवठादाराचा डबा यांत निवड करताना ग्राहकाने किंमत पाहायला हरकत नाही; बिननावाचा डबा मात्र कोणत्याही किमतीला घेऊ नये. युरोपातले ईबीसी, गाल्फर यांसारखे केवळ ब्रेकमध्ये मुरलेले उत्पादक या वादाबाहेरचे नाहीत, पण त्यांची प्लेट घेताना ती नेमक्या त्याच मॉडेलसाठी आणि त्याच वर्षासाठी आहे ना, हे त्यांच्या सूचीत तपासावे लागते.

आता मोठ्या प्लेटचा मुद्दा. ब्रेकचा जोर हा पॅडचा दाब, घर्षण आणि पॅड चाकाच्या मध्यापासून किती दूर पकडतो ते अंतर यांच्या गुणाकारावर ठरतो, म्हणून २८० ऐवजी ३०० मिमीची प्लेट बसवली तर तेवढ्याच बोटाच्या दाबात साधारण सात टक्के जास्त जोर मिळतो.

अभियंता : सात टक्के थोडे नाहीत.

मेस्त्री : पण गाडी शेवटी टायरने थांबते. आत्ताच्या प्लेटवर जोरात ब्रेक दाबला तर एबीएस थरथरू लागते का?

अभियंता : लागते.

मेस्त्री : म्हणजे टायर सांगतो आहे की याहून जास्त जमणार नाही. त्याच्यापुढे प्लेट कितीही मोठी करा.

हा युक्तिवाद आकड्यांतही खरा उतरतो. कोरड्या डांबरावर टायरची पकड वजनाच्या ०.८ पट धरली, तर ताशी ६० वरून थांबायला सुमारे १८ मीटर लागतात, आणि ओल्या रस्त्यावर ती ०.५ वर आली तर सुमारे २८ मीटर. या दोन्ही आकड्यांत प्लेटचा व्यास कुठेही येत नाही. मोठी प्लेट बोटाचे श्रम कमी करते, आणि पुढच्या ब्रेकवर एकच बोट ठेवून चालवणाऱ्याला ते महत्त्वाचे वाटू शकते, पण तिच्यासाठी कॅलिपर बाहेर सरकवणारा वेगळा ब्रॅकेट लागतो. ब्रेकचा सगळा जोर ज्या तुकड्यातून फोर्कपर्यंत जातो, तो तुकडा गल्लीतल्या लेथवर बनवून घेण्याची कल्पनाही करू नये. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. प्लेटचा व्यास नोंदणीपुस्तकात लिहिलेला नसला तरी अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर घरगुती ब्रॅकेट पाहून काय लिहील, याचा अंदाज करायला कायद्याचे ज्ञान लागत नाही.

व्यासापेक्षा घातक चूक लहान मापांत होते. हबच्या मधल्या गोलावर प्लेटचे भोक किती घट्ट बसते, बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास किती आणि बोल्टांच्या पातळीपासून घासणारा पट्टा किती पुढे-मागे आहे, ही तीन मापे जुळली नाहीत तर प्लेट बसल्यासारखी दिसते आणि कॅलिपरच्या मध्यावर येत नाही. एबीएसच्या गाडीत चौथी अट येते. चाकाचा वेग मोजणारा सेन्सर ज्या दातेरी किंवा खाचांच्या कडीकडे पाहतो, ती कडी पुष्कळ गाड्यांत प्लेटच्याच बोल्टांवर बसवलेली असते. जाड प्लेट किंवा चुकीचा वॉशर तिला सेन्सरपासून दूर नेतो, दात्यांची संख्या वेगळी असली तर यंत्रणा चाकाचा वेग चुकीचा समजते, आणि मीटरवरचा पिवळा दिवा पेटून राहतो. तो दिवा पेटलेला असताना एबीएस काम करीत नाही.

पावसाच्या बाबतीत मात्र अभियंत्याचे पारडे जड आहे. १९७०च्या दशकातल्या स्टेनलेस प्लेटा ओल्या झाल्या की ब्रेक दाबल्यावर क्षणभर काहीच घडत नसे आणि मग एकदम पकड येई, ही त्या काळच्या जपानी गाड्यांची प्रसिद्ध खोड होती. प्लेटला पाडलेली भोके आणि खाचा पाण्याचा थर तोडतात, पॅडची पाटी पुसून काढतात आणि वजन थोडे कमी करतात. त्या प्लेट गार ठेवण्यासाठीच असतात ही समजूत मात्र अर्धवट आहे, कारण भोक म्हणजे उष्णता साठवणाऱ्या धातूची वजाबाकीही असते, आणि अति तापलेल्या प्लेटला तडा जातो तो भोकाच्या काठापासूनच. ओल्यातली ती खोड पुरती गेली ती सिंटर्ड पॅडमुळे, म्हणजे धातूची भुकटी दाबून आणि तापवून बनवलेल्या पॅडमुळे. जूनपासून चार महिने ताम्हिणी किंवा आंबोली ओलांडणाऱ्याने प्लेटपेक्षा पॅडवर पैसे घालावेत, हा अभियंत्याचा सल्ला मेस्त्रींनीही स्वीकारण्याजोगा आहे, फक्त सिंटर्ड पॅड त्या प्लेटला चालतात का हे आधी पाहावे, कारण मऊ प्लेटला ते लवकर खातात. पाकळ्यांच्या कडेची ‘पेटल’ प्लेट थोडे वजन वाचवते आणि छान दिसते. याहून अधिक तिच्याबद्दल सांगण्यासारखे नाही.

मेस्त्री : जुने पॅड अजून निम्मे शिल्लक आहेत. नव्या प्लेटवर तेच चालवले तर खर्च वाचेल.

अभियंता : जुन्या पॅडवर जुन्या प्लेटच्या चरे-खाचांचा ठसा उमटलेला आहे. सपाट प्लेटवर ते शेंड्या-शेंड्यांनीच टेकतील, तेवढीच जागा तापेल, आणि नव्या प्लेटवर तोच जुना नकाशा पुन्हा कोरला जाईल. लिव्हर धडधडतो म्हणून सुरू झालेली दुरुस्ती धडधडण्याची बी पेरून संपेल.

येथे मेस्त्री हरले, आणि काटकसरीची सवय किती खोल असते याचेही हे उदाहरण म्हणता येईल. जिंकण्याचा मुद्दा त्यांना शेवटी मिळाला तो कॅलिपर उघडल्यावर. सरकत्या जबड्याच्या दोन पिनांपैकी एक गंजून अडकलेली होती. त्यामुळे जबडा मागे येत नव्हता, एका बाजूचा पॅड सतत घासत होता, प्लेटची जाडी विषम झाली होती ती त्यामुळेच. ती पिन तशीच ठेवून कितीही महागडी फ्लोटिंग प्लेट बसवली असती, तरी काही महिन्यांनी तिचीही तीच गत झाली असती.

बसवण्याची कृती थोडक्यात अशी. हबची बैठक गंज आणि जुना रंग काढून धातूपर्यंत साफ करावी. बोल्ट शक्यतो नवे घ्यावेत, त्यांना आटे धरून ठेवणारा द्रव लावावा आणि ते समोरासमोरच्या क्रमाने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ताकदीपर्यंत टॉर्क पान्याने आवळावेत. प्लेटवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पाळावा. नव्या प्लेटला गंजरोधक तेल लावलेले असते, ते ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसावे. पिनांना ब्रेकसाठीचेच उष्णता सोसणारे ग्रीस द्यावे, साधे ग्रीस रबराला फुगवते. रनआउट पुन्हा मोजावा; तो मर्यादेबाहेर असेल तर दोष बहुधा बैठकीत सापडतो. पहिले दीड-दोनशे किलोमीटर ब्रेक हलका आणि मधून मधून लावावा, म्हणजे पॅडचा एक पातळ, सारखा थर प्लेटवर बसतो. त्याआधी कचकचून दाबून गाडी जागीच धरून ठेवली, तर पॅडचा ठसा एकाच ठिकाणी उमटतो आणि धडधड परत येते.

निवाडा द्यायचाच झाला तर तो या गाडीपुरता मेस्त्रींच्या बाजूने द्यावा लागेल: मूळ मापाची साधी प्लेट, गाडीच्या कंपनीच्या किंवा तिच्या पुरवठादाराच्या डब्यातली, नव्या पॅडसह. समोरासमोर पिस्टन असलेल्या जखडलेल्या कॅलिपरच्या गाडीत हाच निवाडा उलटा जाईल, आणि तिथे बॉबिन झिजलेली फ्लोटिंग प्लेट काढून साधी बसवणे ही काटकसर महागात पडेल. दोन्ही बाबतींत आधी पाहायचा आकडा, म्हणजे किमान जाडीचा, प्लेटच्या आतल्या भागावर, बोल्टांच्या जवळपास कोरलेला असतो. तो वाचायला चाक काढावे लागत नाही, ओले फडके आणि बॅटरीचा उजेड एवढे पुरते.